हातातले कसब आणि घरातले समाधान

दरसाल दहावीचा निकाल लागला, की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघर एक मसलत सुरू होते. मुलाला किती गुण पडले, कोणती शाखा मिळेल, कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबेल, याचा खल दोन-तीन आठवडे चालतो. मामा, आत्या, शेजारी, शिकवणीचे सर, सगळे आपापला सल्ला देऊन जातात. एक प्रश्न मात्र या मसलतीत सहसा कोणी विचारीत नाही. हा मुलगा किंवा ही मुलगी तिशी गाठील, तेव्हा त्यांच्या घरात स्वास्थ्य असेल काय, हा तो प्रश्न होय. आणि एक शब्द असा आहे, की तो उच्चारताच बैठकीत शांतता पसरते. तो शब्द म्हणजे आयटीआय. साठ-पासष्ट टक्के गुण मिळविलेल्या मुलाने 'मला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे' असे म्हटले, तर आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. भर उन्हाळ्यात घरातली वीज गेली म्हणजे तीच आई ज्या माणसाची देवासारखी वाट पाहते, तो इलेक्ट्रिशियनच असतो!

ही विसंगती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिच्यापायी दरवर्षी असंख्य कुटुंबे आपल्याच हाताने आपले अहित करून घेत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाचा कल, त्याच्या हातातले कसब आणि त्याच्या भावी संसाराचे स्वास्थ्य या तिन्ही गोष्टी बाजूला सारून 'लोक काय म्हणतील' या एकाच कसोटीवर त्याच्या उभ्या आयुष्याचा निर्णय होतो. ही कसोटी खोटी आहे. परंतु ती खोटी आहे एवढे सांगून भागणार नाही. ती आली कोठून आणि मोडावी कशी, याचाही विचार केला पाहिजे.

ज्या उपनगरांत आज ही कसोटी प्रमाण मानली जाते, ती उपनगरे कसबी हातांच्या कमाईवर वाढली, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. त्या सुमारास आणि नंतरच्या काळात, ज्याला तेव्हा आग्रा रोड म्हणत त्या आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांस कारखान्यांची रांग लागली. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी, कांदिवलीला महिंद्रची वाहने, पार्ल्याला बिस्किटे, अशी ही सारी उपनगरे यंत्रांच्या आवाजाने जागी होत. कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण फिटर किंवा टर्नर म्हणून लागला, की चार-दोन वर्षांत चाळीत खोली घेई, गावाहून आईवडिलांना आणी, धाकट्या भावाला शिकवी आणि बहिणीचे लग्न करी. आज या उपनगरांतल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर आजोबांची जी तसबीर लावलेली असते, त्यांतल्या पुष्कळ आजोबांच्या बोटांना वंगणाचा वास होता.

मग नातवाला त्या वासाची लाज का वाटावी? याचे एक उत्तर भीतीत आहे, आणि ती भीती अनाठायी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतल्या असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा कधीच उघडले नाही. त्यानंतर उपनगरांतल्या कारखान्यांची पाळी आली. जमिनीला सोन्याचा भाव आला, तसे एकामागून एक भोंगे बंद पडले आणि त्यांच्या जागी मनोरे व मॉल उभे राहिले. कुर्ल्याच्या 'पद्मिनी'चे उत्पादन २००० मध्ये थांबले. १९२९ पासून चालत आलेला पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. आपल्या बापाला पन्नाशीच्या आत घरी बसलेला ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी बाप झाल्यावर 'काहीही हो, पण कामगार होऊ नकोस' असे मुलाला सांगितले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

परंतु येथे एका गोष्टीची गल्लत होते. बंद पडला तो कारखाना. कसब बंद पडलेले नाही. कारखान्याच्या जागी चाळीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला, म्हणजे त्यात उद्वाहक आले, पाण्याचे पंप आले, अग्निशमनाची यंत्रणा आली, घरोघर वातानुकूलक आले. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो धावू लागली आणि २०२२-२३ मध्ये अंधेरी-दहिसर मार्गावर आणखी दोन मार्गिका सुरू झाल्या. या गाड्या, त्यांचे सरकते जिने, त्यांची सिग्नल यंत्रणा रात्रीतून तपासणारे हात कोणाचे असतात? रुग्णालयातले क्ष-किरण यंत्र बिघडले, की शस्त्रक्रिया थांबते आणि तंत्रज्ञाची शोधाशोध सुरू होते. मुंबईच्या उपनगरांना कसबी माणसाची गरज साठ वर्षांपूर्वी होती तेवढीच आजही आहे, किंबहुना अधिक आहे. फरक एवढाच, की पूर्वी तो माणूस कारखान्याच्या फाटकातून आत जाई. आज तो आपल्या दाराची घंटा वाजवतो.

आता संसाराकडे वळू. बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणारा साधा पदवीधर रोज दोन-अडीच तास गाडीत घालवितो. कचेरीतल्या त्याच्या नोकरीला आज पूर्वीचे स्थैर्य राहिलेले नाही. तीही बहुधा कंत्राटी असते, आणि कामाची वेळ संपली तरी भ्रमणध्वनी त्याचा पिच्छा सोडीत नाही. तो घरी पोचतो तेव्हा मूल झोपलेले असते. याउलट आपल्याच उपनगरात दुरुस्तीचे दुकान थाटलेला कुशल कारागीर दुपारी घरी जेवू शकतो, मुलाच्या शाळेच्या पालकसभेला जाऊ शकतो, आजारी आईला डॉक्टरकडे नेऊन पुन्हा दुकान उघडू शकतो. दोघांच्या मासिक प्राप्तीत काही वेळा फरक फारसा नसतो, आणि कधी कधी तो कारागिराच्या बाजूने असतो. मग कोणाचे घर अधिक सुखी म्हणावे?

या बाबतीत अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासाची साक्ष लक्षात घेण्याजोगी आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ पासून चालविलेल्या या पाहणीत एकीकडे त्या नामांकित विद्यापीठाचे विद्यार्थी होते आणि दुसरीकडे बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली मुले होती. ही मुले म्हातारी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. वयाच्या पन्नाशीत जे आपल्या नात्यागोत्यांत समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. आयुष्याचे सुख बांधून ठेवणारा धागा पैशाचा किंवा कीर्तीचा नव्हे, तर जिव्हाळ्याच्या माणसांचा असतो, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या आजीला हे विद्यापीठाशिवायच ठाऊक होते. पण आजीचे कोणी ऐकत नाही, म्हणून हार्वर्डचा दाखला द्यावा लागतो!

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वतःचे दुकान असलेला कारागीर सुखी असेल. परंतु प्रत्येकाला दुकान कोठून मिळावे? उपनगरातला एक गाळा भाड्याने घ्यायचा म्हटले, तरी नवशिक्याचे डोळे पांढरे होतात. बहुसंख्य मुले एखाद्या कंत्राटदाराच्या हाताखाली लागतात. त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा, ना अपघाताचा विमा. १९७० मध्ये कंत्राटी कामगारांसाठी कायदा झाला; तरी कायमचे काम कंत्राटावर करून घेण्याची युक्ती दिवसेंदिवस सफाईदार होत गेली. वीज रविवार पाहून जात नाही आणि नळ दिवाळी पाहून फुटायचा थांबत नाही. त्यामुळे सणासुदीलाही हा माणूस दुसऱ्याच्या घरी असतो. वेल्डरचे डोळे आणि गवंड्याचे गुडघे पंचेचाळिशीतच बोलू लागतात. जो कोणी हे सारे दडवून 'कौशल्य घ्या, सुखी व्हा' असा मंत्र देतो, तो मुलांची फसवणूक करतो. कसबाने संसार सुखाचा होतो हे खरे. पण त्या कसबाला रास्त दाम, सुरक्षितता आणि मान या तिहींची जोड मिळाली तरच.

या तिहींपैकी मान ही गोष्ट सर्वांत कठीण आहे. कारण आपल्या समाजात हाताच्या कामाचा अनादर कालपरवा जन्मलेला नाही. गोरोबा काका मडकी घडवीत, सावतोबा मळा पिकवीत, नरहरी सोनार दागिने घडवी. वारकरी परंपरेने या कारागिरांना संतपदी बसविले. पण गावाने त्यांच्या धंद्याला पंक्तीत बरोबरीचे पान वाढले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि या विभागणीत एकावर एक पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या आजही आपल्या मनात शाबूत आहेत. म्हणूनच व्यवसायशिक्षणाची थोरवी गाणाऱ्यांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. आपल्या स्वतःच्या मुलाला आपण आयटीआयमध्ये घातले आहे काय? मोलकरणीच्या मुलाने प्लंबर व्हावे आणि आपल्या मुलाने व्यवस्थापनशास्त्राची पदवी घ्यावी, असा ज्यांचा व्यवसायशिक्षणाचा अर्थ असेल, त्यांच्या उपदेशात जुन्या बलुतेदारीचाच दर्प येतो. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवलेल्या घरांना पदवीची ओढ असणे स्वाभाविक आहे. त्यांची ती वाट अडविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

उपाय असा, की हाताचे शिक्षण सर्वांना मिळावे; एका वर्गापुरते ते उरू नये. हा विचार या महाराष्ट्रात परका नव्हे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या आणि व्यवहारोपयोगी ज्ञानाचा आग्रह धरला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली. 'कमवा आणि शिका' या सूत्रावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था वाढविली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला सायकलींच्या दुकानात रमले, पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. मास्तरकी सोडून सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाला तेव्हाच्या नातेवाइकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही!

आम्ही स्वतः काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, व्याकरणात गुण गमावणारा, पण शाळेचा बिघडलेला पंखा किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीतली घंटा अर्ध्या तासात चालू करून देणारा एखादा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. शाळेला त्याचा उपयोग होतो. त्याच्या प्रगतिपुस्तकात मात्र त्या उपयोगासाठी रकाना नसतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आपण 'ढ' आहोत असे मानून शाळा सोडतो, हे त्याचे अपयश नव्हे, आमच्या मोजपट्टीचे अपयश आहे.

सरकारची मोजपट्टी तरी निराळी आहे काय? औद्योगिक प्रशिक्षणाची योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ मध्ये झाला. मुलुंड आणि कुर्ला येथील शासकीय प्रशिक्षण संस्थांतून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घडत आले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केलेले आकडे डोळे उघडणारे आहेत. एकोणीस ते चोवीस वयोगटातल्या श्रमिकांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी. अमेरिकेत हेच प्रमाण ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडवावा, असे उद्दिष्ट त्याच धोरणात होते. आपल्या मुलाच्या हाती शाळेत रंधा, पक्कड किंवा मल्टिमीटर कधी आला काय, हे प्रत्येक पालकाने घरी विचारून पाहावे, म्हणजे त्या उद्दिष्टाचे काय झाले ते कळेल. आणि मानाची गोष्ट म्हणाल, तर २०२४ मध्ये राज्य शासनाने तरुणांसाठी जी कार्यप्रशिक्षण योजना काढली, तिच्यात बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये असे मासिक विद्यावेतन ठरविले. दोन वर्षे घाम गाळून हात तयार केलेल्या इलेक्ट्रिशियनपेक्षा कोणत्याही शाखेचा कोरा पदवीधर दोन हजारांनी श्रेष्ठ, हा निवाडा खुद्द शासनाने दिला! मग मुलुंडच्या आईने तोच निवाडा आपल्या घरात दिला, तर तिच्यावर कोणत्या तोंडाने रागवावे?

याच्या उलट पश्चिमेकडे पाहावे. जर्मनीत उमेदवार आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत घालवितो. त्याच्या हाती रीतसर करार असतो आणि पहिल्या वर्षापासून वेतन असते. पुढे 'माइस्टर' झालेला कारागीर तेथे प्रतिष्ठित नागरिक गणला जातो. स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ दोन-तृतीयांश तरुण हीच वाट धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. म्हणजे ज्या इलेक्ट्रिशियनला बोरिवलीत मुलगी द्यायला लोक कचरतात, त्याला स्टुटगार्टचे लोक बोलावून घेऊ पाहतात! आमची मुले परदेशी जाऊन नाव मिळवोत. त्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु आपल्या आईबापांच्या शेजारी राहून जो संसार सुखाचा होऊ शकतो, तो केवळ मानासाठी सहा-सात हजार किलोमीटर दूर नेऊन मांडावा लागावा, हे आपल्या समाजाला भूषणावह नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलणे बरे. 'वर पदवीधर व नोकरीवाला हवा' ही अट आज कसबी तरुणांच्या वाटेतली सर्वांत मोठी धोंड आहे. मुलाला चांगले काम आहे, निर्व्यसनी आहे, स्वतःच्या कमाईने दोन खोल्या घेतल्या आहेत, हे सारे ठाऊक असूनही 'पण करतो काय? एसी दुरुस्त करतो' एवढ्या वाक्यावर स्थळ मोडते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणणारा हा समाज. त्याने आपली म्हण केव्हा उलटी केली हे त्याचे त्यालाही कळले नाही. आणि मुलींचे काय? त्यांच्या हाताला कसब देणे तर आपल्या मनातही येत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून 'लिज्जत'चा देशव्यापी उद्योग उभा राहिला. घर सांभाळून कमावता येते आणि कमावत्या स्त्रीचा शब्द घरात वजनदार होतो, हे त्या सात जणींनी सिद्ध केले. आज पापडाच्या जोडीला सौर पट्ट्यांची जोडणी, वैद्यकीय यंत्रांची देखभाल, इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती ही दारेही मुलींसाठी सताड उघडली पाहिजेत.

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, शासनाने विद्यावेतनातली ही पंक्तिप्रपंचाची पायरी काढून टाकावी आणि ज्याला जे काम येते त्याप्रमाणे मोबदला ठरवावा. दुसरी, महापालिकेने उपनगरांतल्या मंडयांत आणि पुनर्विकासात मिळणाऱ्या जागांत प्रशिक्षित तरुण कारागिरांसाठी माफक भाड्याचे गाळे राखून ठेवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी आदी १८ परंपरागत व्यवसायांना ३ लाखांपर्यंत सवलतीचे कर्ज देऊ केले आहे. वायरमन आणि वातानुकूलक दुरुस्त करणारा त्या यादीत नाहीत, त्यांनाही तेवढाच हात द्यावा. तिसरी, मोठ्या गृहसंस्थांनी देखभालीचे कंत्राट देताना कामगाराच्या विम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची पावती मागावी. मुलुंड-घाटकोपरच्या एकेका संस्थेच्या सरचिटणिसाच्या हाती हे आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि चौथी, प्रत्येक शाळेने, मग ती कितीही नामांकित असो, प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या हातात हत्यार द्यावे, म्हणजे हत्याराची लाज मुळातच रुजणार नाही.

परंतु पाचवी गोष्ट सरकारकडे मागता येत नाही. ती वाचकांकडेच मागावी लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे त्या वाटेने गेल्यास पुढचे दार बंद होत नाही, एवढे तरी मुलाला नकार देण्यापूर्वी पालकांनी समजून घ्यावे. पदवी घेण्याची ज्याला मनापासून ओढ आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु ज्याचा जीव यंत्रात, लाकडात, तारेत किंवा सुईदोऱ्यात रमतो, त्याला केवळ शेजाऱ्यांच्या धाकाने वाणिज्य शाखेच्या बाकावर नेऊन बसवू नये. मन नसलेल्या कामाचा शीण माणूस रोज संध्याकाळी घरी आणतो, आणि तो शीण बायकोमुलांना वाटून घ्यावा लागतो. उलट, आवडीचे काम नीट जमल्याचा संतोषही तो घरीच आणतो. दाराशी आलेल्या कारागिराला पाणी विचारावे, त्याला 'अहो' म्हणावे, ठरलेले दाम घासाघीस न करता द्यावे आणि आपल्या मुलांदेखत त्याच्या कामाचे कौतुक करावे. ज्या घरात हे घडेल, त्या घरातल्या मुलाला आपला कल सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.